सोळाशे वाक्यं

१

"ह्याच्यात माझ्या आईचा आवाज आहे," मुलगी म्हणाली. "आणि आमच्या घरातल्याच कुणीतरी तो घालवलाय."

टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप तिने काउंटरवर ठेवला आणि दोन्ही हात त्याच्यावर तसेच राहू दिले. काउंटरपलीकडच्या गृहस्थांनी चष्मा कपाळावर चढवला. बिघडलेल्या डिस्कमधून फायली काढून देणं हा त्यांचा धंदा. एकवीस वर्षं एकाच खोलीत, एकाच खुर्चीवर बसून त्यांनी तो केला होता. डिस्क चालू केली की ते डोळे मिटून तिच्यावर दोन बोटं टेकवायचे आणि आत काय बिनसलंय ते सांगायचे. त्यावरून त्यांच्या मेव्हण्याने कधीकाळी त्यांना 'नाडीवैद्य' म्हणून चिडवायला सुरुवात केली. पुढे नाडी सुटली, त्यावरही मेव्हण्याला एक विनोद सुचलाच, आणि वैद्य तेवढे उरले.

"आधी बस," वैद्य म्हणाले. "आणि पहिल्यापासून सांग."

आईच्या घशात गाठ निघाली होती. स्वरयंत्र काढावं लागणार हे ठरलं तेव्हा ऑपरेशनला पाच आठवडे होते. हॉस्पिटलने सोळाशे वाक्यांची यादी दिली. आईने ती सगळी वाचून रेकॉर्ड करायची, मग त्यावरून एक प्रोग्रॅम तिचा आवाज तयार करणार, आणि पुढे आई जे टाईप करील ते तिच्याच आवाजात ऐकू येणार. आईने रोज दुपारी बसून, घसा दुखत असताना, सोळाशेच्या सोळाशे वाक्यं पुरी केली. त्यानंतर ऑपरेशन, जखम, ताप. फायलींची कॉपी करून ठेवायचं राहून गेलं. बाबांना वाटलं, मुलीने केली असेल. मुलीला वाटलं, हॉस्पिटलने घेतली असेल.

"रविवारी पाठवायला म्हणून उघडला तर सुरूच होईना. आतून नुसता टक-टक आवाज. थंड असला की जरा तरी चालतो, तापला की संपलंच."

"पडला होता?"

"बाबा म्हणतात, कपाटावरून बॅग काढताना त्यांच्या हातून पडला. मिटलेला होता म्हणे. पण बाबांना खोटं बोलता येत नाही, काका. कान लाल होतात त्यांचे."

"घरात आणखी कोण?"

"आई. आणि मावशी. आईची थोरली बहीण. ऑपरेशनच्या आधीपासून आमच्याकडेच आहे. ती तर टीव्हीचं बटणसुद्धा मला दाबायला लावते."

"तू उघडून बघितलास का?"

"छे, तसाच आणलाय." तिने ओठ घट्ट मिटले. "मला फायली हव्यात. आणि नाही मिळाल्या तर हे कुणी केलं ते हवंय."

"फायलींचं बघतो. दुसरं माझं काम नाही."

"'डिस्क सगळं सांगते' असं बाहेर पाटीवर लिहिलंय तुमच्या."

लिहिलं होतं खरं. पाटी मेव्हण्यानेच रंगवून आणली होती.

वैद्यांनी मागचं झाकण काढलं, डिस्कला वीज दिली आणि दोन बोटं टेकवली. पाच सेकंदांत त्यांनी वीज तोडली, पण बोटं उचलली नाहीत.

"आत घासतंय," ते म्हणाले. "मिटलेल्या लॅपटॉपमधली, बंद असलेली डिस्क पडली तर अशी घासत नाही. ही पडली तेव्हा फिरत होती. तुझे बाबा खोटं बोलतायत."

२

खोलीच्या कोपऱ्यात गाळलेल्या हवेची एक काचपेटी होती. डिस्क उघडायची ती फक्त तिथेच. आत आरशासारखी चकचकीत तबकडी असते आणि तिच्यावर, मध्ये केसही मावणार नाही इतक्या अंतरावर, वाचणारी टोकं तरंगत असतात. धुळीचा एक कण त्या टोकांना पुरतो.

वैद्यांनी झाकण उचललं आणि बराच वेळ नुसतं बघत राहिले.

तबकडीवर ओरखडे होते. एक नव्हे, वर्तुळात वर्तुळं, पार आतपर्यंत. एका पडण्याने एवढं होत नाही. शिवाय भिंगातून बघितल्यावर कडेला बारीक पांढरट ठिपके दिसले. थेंब पडून वाळावेत तसे. बंद डिस्कच्या आत पाणी कुठून येणार?

त्यांनी लॅपटॉपचा सांगाडा पुन्हा पुढे ओढला. डिस्क धरून ठेवणारे चार स्क्रू. काल घाईत नीट बघितले नव्हते. त्यांतल्या दोन स्क्रूंची डोकी झिजून चपटी झालेली होती, सुरीचं टोक घालून फिरवल्यासारखी. आणि बाजूच्या भोकात इअरफोनच्या पिनेचं तुटकं टोक अडकलेलं होतं, वाकडं होऊन तुटलेलं.

टोकं बदलून, एका जुन्या डिस्कमधली सुस्थितीतली टोकं बसवून, त्यांनी थोडं थोडं वाचायला घेतलं. दहा मिनिटं वाचायचं, तासभर थांबायचं. तिसऱ्या दिवशी फायलींची यादी हाती लागली. फक्त नावं, आतलं काही नाही. ०००१ पासून १६०० पर्यंत. यादी वाचता येते आणि फाईल उघडत नाही, हा या धंद्यातला सगळ्यात वाईट प्रकार. गाव नकाशावर आहे, पण जायला रस्ता उरलेला नाही.

त्याच खेपेला लॅपटॉपने स्वतः ठेवलेल्या नोंदींचाही एक तुकडा आला. शेवटची नोंद मंगळवारची, सकाळी अकरा वीसची. त्या वेळी एकच रेकॉर्डिंग वाजत होतं, क्रमांक ०८१२. आणि ते त्या सकाळी सव्विसाव्यांदा वाजत होतं.

३

मुलीचे बाबा बसच्या डेपोत मेकॅनिक होते. जेवणाच्या सुट्टीत वैद्य त्यांना भेटायला गेले. बाबा हातांना लागलेलं ग्रीस चिंधीने पुसत बाहेर आले. त्यांच्या खिशात पाच-सहा स्क्रूड्रायव्हर ओळीने लावलेले होते, लहानापासून मोठ्यापर्यंत.

"मीच पाडला हो," त्यांनी विचारण्याआधीच सांगून टाकलं. "कपाटावरची बॅग काढत होतो."

"मंगळवारी?"

"मंगळवारीच."

"अकरा वीसला?"

बाबांचा हात थांबला. मंगळवारी अकरा वीसला ते एका बसखाली आडवे होते. हजेरीच्या रजिस्टरात तसं लिहिलेलं होतं आणि ते रजिस्टर दोघांच्या समोर खिडकीतच पडलेलं होतं.

"आणि नंतर डिस्क बाहेर तुम्ही काढलीत?" वैद्यांनी विचारलं. "हे दोन स्क्रू बघा."

बाबांनी स्क्रू तळहातावर घेतले आणि त्यांचा चेहरा आंबट झाला. चार दिवसांचं शिळं वाढल्यासारखा. "हे कुणी केलं? सुरी घालून फिरवलेत! असं काम माझ्या हाताखालच्या माणसाने केलं असतं ना, तर दिवसभर झाडू मारायला लावला असता." बोलून गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की आपणच आपल्याला सोडवून घेतलं. कान खरंच लाल झाले.

दुपारच्या उन्हात एक बस मागेमागे येत होती, ती थांबेपर्यंत दोघं तिच्याकडे बघत राहिले.

"मंगळवारी लेक तिच्या आईला घेऊन तपासणीला गेली होती," बाबा शेवटी म्हणाले. "मी संध्याकाळी घरी आलो तर लॅपटॉप ओट्यावर, आणि ताई जमिनीवर बसलेल्या. अशा रडत होत्या की मला वाटलं, हॉस्पिटलातून काही वाईट कळलं की काय. बायकोची थोरली बहीण आहे हो. पाच महिने झाले, आमचं घर त्यांनी सावरलंय. मी म्हटलं, तुम्ही काही बोलू नका, मी बघतो. लॅपटॉप पुसून कपाटावर ठेवून दिला. वाटलं, चालू होईलही."

"स्क्रूंना हात लावला नाहीत?"

"शपथेवर सांगतो, नाही."

म्हणजे पाडला एकीने. पण तबकडीवरची ती वर्तुळं आणि ते पाण्याचे ठिपके पडण्याने आलेले नव्हते. मंगळवारनंतर कुणाचातरी हात तिला लागला होता.

४

दुसऱ्या दिवशी मावशी स्वतःच आल्या. हातात भाजीची पिशवी होती, म्हणजे घरी बाजाराचं सांगून निघाल्या असणार. खुर्चीच्या अगदी कडेला टेकल्या.

"भाऊजींनी सांगितलं, तुम्हाला कळलंय म्हणून. माझ्याच हातून पडला तो." त्यांनी पदर नीट केला. "एक विचारू? तुम्ही कधी दिवसभर अशा घरात राहिलायत, जिथे माणूस आहे पण आवाज नाही? ती पाटीवर लिहिते. 'चहा'. 'औषध'. 'पंखा'. मी मोठ्याने वाचते, म्हणजे घरात काहीतरी ऐकू येतं. लहानपणी तिला गप्प बसवायला मी धपाटे घालायचे. एवढं बोलायची."

"आठशे बारा नंबरमध्ये काय आहे?"

मावशींनी चमकून वर बघितलं. "तेही कळतं?"

"नंबर कळतो. फाईल उघडत नाही."

"वाक्य काहीतरी वेडंवाकडंच होतं. 'काकांनी काकूंच्या कपाटाच्या किल्ल्या' असं काहीसं. दोनदा अडखळली, आणि मग हसायला लागली. थांबेचना. मी बाजूलाच बसले होते, मीसुद्धा हसतेय त्यात. हसणं तसंच राहिलं." त्या स्वतःही क्षणभर हसल्या. "भाचीने तिच्या बाबांना लावून दाखवताना मी बघून ठेवलं होतं, कुठे दाबायचं ते. तेवढंच एक बटण येतं मला. शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून रेडिओचा इअरफोन लावला. दाराची बेल वाजली. मी तशीच उठले, कानात ते तसंच, आणि वायरीबरोबर सगळंच खाली आलं."

पिनेच्या तुटक्या टोकाचं उत्तर मिळालं. वैद्यांनी टेबलावरचा कागद उलटा केला आणि सरळ विचारलं, "मावशी, डिस्क म्हणजे काय, ती लॅपटॉपमधून कशी निघते, माहीत आहे तुम्हाला?"

"मला तर आत्ता कळतंय, की आतून काही निघतं."

"मग तुमच्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात मधे काही ठेवलेलं होतं का? कोरडं, पिशवीत बांधलेलं?"

"होतं ना. सोमवारी बघितलं. पिशवीत पिशवी, त्यात पिशवी, चपटं काहीतरी. मला वाटलं बहिणीचं इंजेक्शन असेल, म्हणून हात लावला नाही. भाचीनेच..."

मावशी थांबल्या. वैद्यांनी नजर खाली घातली.

मुलीचं बोलणं त्यांना पहिल्याच दिवशी खटकायला हवं होतं. थंड असला की चालतो, तापला की संपतो. हे एकदा बटण दाबून कुणालाच कळत नाही. थंड करून, तापवून, पुन्हा थंड करून बघणाऱ्यालाच कळतं. डिस्क आपल्या पोटातही एक हिशेब ठेवते. पहिला मार बसला त्यानंतर ती चौऱ्याऐंशी वेळा चालू केली गेली होती आणि एकसष्ट तास फिरली होती. मंगळवार ते रविवार लॅपटॉप कपाटावर होता. रविवार ते गुरुवार तो मुलीपाशी होता. कुठल्यातरी व्हिडिओत बघून तिने सुरीने स्क्रू काढले असणार, डिस्क आपल्या दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून फायली शोधणारा प्रोग्रॅम लावून ठेवला असणार, आणि ती अडली की बर्फात ठेवून पुन्हा जोडली असणार. बर्फातून काढल्यावर आत दव धरलं. मोडकी टोकं त्या दवातून तबकडी खरवडत राहिली. एकसष्ट तास.

"म्हणजे," मावशी अगदी हळू म्हणाल्या, "माझ्याने पडला तेव्हा गेला नव्हता?"

"नव्हता. त्या दिवशी आला असता तर सोळाशेतली पंधराशे वाक्यं तरी मी काढून दिली असती."

५

मावशी बराच वेळ भाजीच्या पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत बसल्या.

"तिला सांगणार?"

"ती तेच विचारायला आली होती. कुणी केलं."

"बावीस वर्षांची आहे ती," मावशी म्हणाल्या. "आईचा आवाज आपल्या हाताने घालवला, हे घेऊन तिने किती वर्षं काढायची? चाळीस? पन्नास? मी घेते. मला काय, दहा-बारा वर्षं. आणि पाडला मीच ना? काही खोटं नाही त्यात."

"अर्धं खोटं आहे."

"मग अर्धंच सांगा."

वैद्यांनी एकवीस वर्षांत गिऱ्हाइकाला खोटा रिपोर्ट दिलेला नव्हता. माणसं रडली, भांडली, तरी दिलेला नव्हता. ते तसं म्हणालेही. मावशींनी ऐकून घेतलं आणि पिशवी उचलली.

"तुमचं खरं तुमच्यापाशी राहील हो," त्या दारातून म्हणाल्या. "तिचं काय राहील ते बघा."

आठवडाभर वैद्य त्या डिस्कपाशी बसले. आणखी दोनदा टोकं बदलली. मुलीला निर्दोष सोडवायचा एकच सरळ मार्ग होता, फायली मिळवणं. तबकडी रोज थोडी थोडी मरत होती. शेवटच्या दिवशी ती फिरायचीच थांबली.

सोळाशेपैकी त्रेचाळीस वाक्यं हाती आली. आवाज तयार करायला किमान सहाशे लागत होती. वैद्यांनी हॉस्पिटलच्या माणसाला फोन करून दोनदा विचारलं. तो बिचारा दोन्ही वेळा तेच म्हणाला.

शनिवारी सकाळी चौघं आली. दुकानात खुर्च्या तीनच, म्हणून बाबा दारापाशी उभे राहिले. आईला वैद्य पहिल्यांदाच बघत होते. गळ्याला रुमाल, मांडीवर लहान मुलांची असते तशी पुसायची पाटी, आणि डोळे असे, की पहिलं बोलणं त्यांच्याशीच करावं.

"त्रेचाळीस मिळाली," वैद्य त्यांना म्हणाले. "बाकी गेली."

मग मुलगी म्हणाली, "लावा."

त्यांनी एक लावलं. दुकानात स्वच्छ, भरदार, किंचित घाईचा आवाज उमटला: "तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट थांबत नाही." मग दुसरं. "माझं पार्सल चुकीच्या पत्त्यावर गेलं आहे." तिसरं. "पिवळी बरणी निळ्या बरणीच्या मागे ठेवा." हॉस्पिटलने निवडलेली वाक्यं, कुणाचीच नव्हती ती. एकातही मुलीचं नाव नव्हतं. आठशे बारा मिळालेलं नव्हतं.

आई पुढे वाकून ऐकत होती. आवाजाबरोबर तिचे ओठ हलत होते. प्रत्येक शब्दाला, बरोबर वेळेवर.

"पुरे," बाबा म्हणाले. "बंद करा. माझी चूक झाली, मी..."

"भाऊजी, राहू द्या," मावशी उभ्या राहिल्या. भाचीकडे वळल्या. "त्यांनी नाही पाडला. मी पाडला. तुम्ही तपासणीला गेला होतात तेव्हा. मी ऐकत बसले होते."

मुलीने मावशीकडे बघितलं, मग बाबांकडे. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"आणि सांगितलं नाहीस?" ती म्हणाली. "पाच दिवस? मी त्याच दिवशी आणला असता इथे. त्याच दिवशी! काका, पडल्यामुळेच गेला ना तो?"

टेबलाच्या खणात छापलेला रिपोर्ट होता. त्यात चौऱ्याऐंशी आणि एकसष्ट हे दोन्ही आकडे होते. वैद्यांचा हात खणाच्या मुठीवर होता. मावशी त्यांच्याकडे बघत नव्हत्या, मुद्दाम बघत नव्हत्या, समोरच्या भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या.

"हो," वैद्य म्हणाले. "पडल्यामुळे."

"ऐकलंस?" मुलीचा आवाज फाटला. "मदतीला आलीस ना तू? ही मदत? कशाला आलीस आमच्याकडे?"

आईने काउंटरवर तळहात आपटला. दोनदा. केवढा तरी मोठा आवाज झाला. मग तिने पाटीवर लिहिलं आणि सगळ्यांना दिसेल अशी धरली: 'घरी चला'.

मुलगी आईचा दंड धरून बाहेर पडली. बाबा मावशींसाठी थांबले होते, पण मावशी म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढे, मी येते चालत." त्या वैद्यांना नमस्कार करून निघाल्या, आणि कोपऱ्यावर पोचल्यावर घराच्या नव्हे, दुसऱ्याच बाजूला वळल्या.

६

तीन आठवड्यांनी मुलगी एकटीच आली. त्रेचाळीस फायली तिला दुसऱ्या पेनड्राइव्हवरही हव्या होत्या.

"मावशी गेली तिच्या घरी," तिने आपणहूनच सांगितलं. "मी जा म्हटलं नव्हतं. पण गेली. आई जेवत नाही नीट."

कॉपी होत असताना ती काउंटरवरची एक चिकटपट्टी नखाने सोडवत होती.

"काका, एक सांगायचं राहिलं होतं. मी ना, आणण्याआधी थोडा प्रयत्न केला होता. घरीच. डिस्क काढून, जरा थंड करून वगैरे. एका व्हिडिओत होतं. तेव्हा सांगितलं नाही, तुम्ही ओरडाल म्हणून." ती वर बघत नव्हती. "त्याने काही बिघडलं नाही ना?"

वैद्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायला लागले. खण बंद होता. रिपोर्ट त्यांनी फाडलेला नव्हता. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मुलीच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. हा प्रश्न ती तीन आठवडे उशाला घेऊन झोपली होती, हे सांगायला नाडी बघायची गरज नव्हती.

"नाही," ते म्हणाले. "आधीच गेली होती ती. तुझ्याने काय बिघडणार?"

मुलीने श्वास सोडला. खांदे खाली आले. पहिल्या दिवसापासून वैद्यांनी तिला अशी सैल झालेली बघितलीच नव्हती.

"मला वाटलंच," ती म्हणाली. पेनड्राइव्ह पर्समध्ये ठेवून तिने चेन लावली. "मी ठरवलंय काका, मावशीला फोन करायचा. सांगते तिला, की मी माफ केलं म्हणून. वय झालंय तिचं, मुद्दाम थोडंच केलं तिने. किती दिवस धरून बसायचं?"

"बरं, कर," वैद्य म्हणाले.

ती पायऱ्या उतरून गेली. वैद्यांनी चष्मा चढवला, रांगेतला पुढचा लॅपटॉप ओढून घेतला, आणि त्याचे स्क्रू काढायच्या आधी कितीतरी वेळ त्याच्यावर नुसतेच हात ठेवून बसले.